शाळेतला नगारा

डोंगराआडच्या एका गावात शाळेसाठी दर सुगीला घरटी पायलीभर ज्वारी निघायची. त्यावर पंतोजींचं पोट भरायचं आणि एका मावशीचंही. मागे पडलेल्या मुलांना मावशी जवळ घेऊन बसायची, एकेकाचं बोट धरून धूळपाटीवर गिरवून घ्यायची.

एके वर्षी पाटलांच्या मनात आलं, हिच्यावर एवढी ज्वारी जाते, पण पदरात काय पडतं? हिचं शिकवणं ना दिसतं, ना ऐकू येतं. त्यांनी मावशीला घरी बसवलं आणि तिच्या वाट्याच्या ज्वारीवर भलामोठा नगारा आणला. नगाऱ्याच्या ठेक्यावर पोरं एका सुरात पाढे म्हणू लागली. आवाज शिवेपर्यंत जाई. आवाज जितका लांब, तितकी शाळा चांगली, असं पाटलांनी ठरवूनच टाकलं.

नदीवर धुणं धुताना एका आईला तो आवाज ऐकून भरून यायचं. पण घरी लेकीला विचारावं, तर तिला एकटीला एक ओळ येईना. शाळेत ती नुसते ओठ हलवायची. आई पंतोजींकडे गेली, तर ते म्हणाले, पोरगी मठ्ठ आहे, सूर बिघडवते, पौर्णिमेपासून पाठवू नका.

आई लेकीच्या काळजीत घरी परतली. मग त्या काळजीचाच संताप झाला. पाटील पाढे ऐकायला शाळेत आले, तेव्हा पदर खोचून ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“पाटील, नगारा थांबवा आणि पोरांना एकेकट्याने विचारा. माझीच तेवढी मठ्ठ निघाली, तर मीच तिला घरी ठेवते.”

पाटील हसले आणि आधी आपल्याच नातवाला उभं केलं. “सांग रे, सात चोक किती?”

नातवाने नगाऱ्याकडे पाहिलं. नगारा गप्प, नातूही गप्प. दुसरा उठला, तिसरी उठली. सगळी अंगठ्याने माती उकरत राहिली.

पाटील खाकरले. “नगारा लहान पडतोय. यंदाच्या सुगीला याहून मोठा आणू.”

“आणा की, पण तुमच्या कणगीतल्या ज्वारीवर,” आई म्हणाली. “आमची ज्वारी लेकरांसाठी निघते, आवाजासाठी नाही. मावशी होती तेव्हा पोरांना काय येत होतं, हे एकदा तरी विचारलंत का?”

त्या सुगीला बायकांनी पायल्या भरल्या आणि मावशीच्या ओट्यावर नेऊन रित्या केल्या, पोरंही तिच्यापुढेच शिकायला बसवली. पाटलांची सून मागच्या वाटेने पोराला घेऊन आली, तिला कुणी हटकलं नाही. आईची लेक काही एका दिवसात हुशार झाली नाही. पण साताचा पाढा ती एकटीने, अडखळत का होईना, म्हणू लागली.

तात्पर्य एवढंच: शाळेवर घातलेल्या दाण्याचं मोल आवाजावरून ठरत नाही, एकटं उभं राहिलेलं लेकरू काय सांगतं त्यावरून ठरतं. आणि ज्यांनी ते कधी विचारलंच नाही, त्यांना लेकराला मठ्ठ म्हणायचा हक्क नाही.