कोतवालाच्या पंगतीला पंच

राजे राज्य करायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका नगरात एक पंच होता. माणूस सचोटीचा, पण मेला भारी भिडस्त!

त्या नगरातल्या कोतवालाचे शिपाई बाजारातून फुकट कापड उचलायचे. एका कोष्ट्याने जाब विचारला, तर कोतवालाने त्यालाच कोठडीत डांबलं. त्याची बायको सगुणा रडत राजाकडे गेली. "महाराज, माझ्या धन्याला आत मारतात हो!" राजाने पंचाला चौकशीला धाडलं.

पंचाने काय करावं? आधी कोतवालालाच निरोप दिला, "उद्या येतो." झालं! रातोरात कोठडी सारवून निघाली. कोतवालाने मेणा पाठवला, श्रीखंड-पुरीचं ताट वाढलं. पंच पोटभर जेवला. आता जेवू घालणाऱ्याला "जरा बाहेर थांबा" कसं म्हणायचं? म्हणून कोतवालही बरोबर कोठडीत आला.

"काय रे, इथे काही त्रास?" पंचाने विचारलं.

कोष्ट्याने कोतवालाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "नाही जी. सगळं ठीक आहे."

पंचाने तसंच लिहून घेतलं.

बायकोने तक्रार केली म्हणून त्याच संध्याकाळी कोतवालाने कोष्ट्याची बोटं मोडली.

चार दिवसांनी सगुणा पंचाच्या दारात आली. "भाकरी द्यायला गेले होते, बाबा. त्यांना तुकडाही मोडता येईना."

"अगं, पण त्यानेच सांगितलं, त्रास नाही म्हणून!"

"कोणाच्या देखत विचारलंत?"

पंचाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच उठून कोठडीत गेला, कोतवालाला बाहेर काढून एकेका कैद्याशी बोलला आणि भर दरबारात उभा राहिला. "महाराज, कोतवाल गुन्हेगार आहेच. पण मीही आहे. मला माझीच लाज वाटते."

कोतवालाला बेड्या पडल्या, कोष्टी सुटला. पंच माफी मागायला त्याच्या घरी गेला. कोष्टी मागासमोर नुसता बसून होता.

"बाबा रे, तेव्हाच मला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो जी. सकाळपासून मनात घोकत होतो. पण तुम्ही दोघं हसत हसत आत आलात."

पंचाला मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

तात्पर्य: ज्याची चौकशी करायची, त्याच्या पंगतीला बसू नये, आणि मार खाल्लेल्याला मारणाऱ्याच्या देखत विचारू नये.