एक घडा जुनं पाणी

"पाणी एवढं स्वच्छ, की तळाशी पडलेली सुई दिसेल. मग मासे मरतात कशाने, बाबाजी?"

हेमराजने हे तिसऱ्यांदा विचारलं. पैकूजी आपल्या अंगणात जाळ्याची गाठ सोडवत बसले होते.

पैकूजी म्हणजे मासेमार ढिवरांच्या आळीतले शेवटचे जाणते. हेमराजला पोहायला, जाळं फेकायला त्यांनीच शिकवलेलं. आता गुडघे गेले होते आणि दोन वर्षांत त्यांनी अंगण ओलांडलं नव्हतं.

हेमराज इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, पंधरा वर्षं चौथ्या मजल्यावर राहिला. त्या साऱ्या वर्षांत त्याला एकच गोष्ट छळायची, गावच्या तलावाचा सकाळचा वास. परत आला तोवर तलाव बुजवून वरून रस्ता गेला होता.

म्हणून त्याने परसातच तलाव मांडला. खाली टाकीत चिलापीची पिल्लं, वर गोट्यांच्या वाफ्यात पालक आणि वांगी. माशांचं पाणी पंपाने वर चढणार, झाडं त्यातलं खत घेणार, पाणी निवळून परत खाली येणार. कागदावर सगळं चोख होतं. कागदावर मासे मरत नाहीत.

टाकीत मात्र दोन खेपा मेल्या. तिसऱ्या खेपेतली बाराच पिल्लं उरली होती आणि तीही सकाळपासून वर येऊन तोंड उघडत होती. पालक पिवळा पडला होता. ही बारा गेली तर टाकी फोडायची, असं त्याने बायकोला सांगून टाकलं होतं. सांगताना त्याला रडू आलं, हे तो पैकूजींना बोलला नाही.

बोलला ते यंत्रांबद्दल. गाळणी कुठली, पंप कुठला. दर तिसऱ्या दिवशी आपण सगळं पाणी बदलतो, गोटे ब्रशने घासतो, हेही त्याने अभिमानाने सांगितलं. पैकूजी ऐकत राहिले. शिकलेल्या माणसाला मध्ये तोडू नये, असा त्यांचा स्वभाव.

"हात दे," शेवटी ते म्हणाले.

सकाळपासून टाकीत घातलेला तो हात त्यांनी नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला...

"कशाचाच वास नाही."

"तेच तर म्हणतो, बाबाजी. इतकं स्वच्छ आहे."

पैकूजी पुन्हा गाठीकडे वळले. मग गाठीलाच विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"नवी बोडी खोदली, तवा तू केवढा होता?"

"नऊ वर्षांचा असेन."

"तुह्या डोक्यावर काय होतं त्या दिवशी?"

हेमराजला हसू फुटलं. घडा होता. जुन्या तलावाचं पाणी, तळाच्या चिखलासकट. पुढे डफडं, मागे सारी आळी. घडा हिंदकळला की चिखल नाकावर ओघळायचा आणि बाया हसायच्या. तो घडा नव्या बोडीत, त्या लहान तळ्यात, रिकामा केल्याशिवाय तिच्यात मासा सोडायचा नाही, अशी रीत होती. शेवटी त्याला गुळाचा मोठा खडा मिळाला होता. तेवढा गोड गूळ त्याने पुन्हा कधी खाल्ला नाही.

"ती तर पूजा होती," तो म्हणाला.

पैकूजींनी जाळं बाजूला ठेवलं.

"पूजाच होती ना, बाबाजी?..."

त्याचा आवाज खाली आला. शेजारच्या काकूंकडून वाटीभर विरजण आणायलाही आई त्यालाच पाठवायची, हे त्याला उगाच आठवलं.

"पण तलाव तर राहिला नाही," तो म्हणाला.

पैकूजींनी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सिमेंटचं जुनं टाकं होतं, हिरवंगार आणि बुळबुळीत. तलाव बुजवायला मातीचे ट्रक आले त्या दिवशी पैकूजींनी तिथून शेवटचे काही घडे भरून आणले होते. टाक्यात दोन शिंगूर मासे निवांत फिरत होते. हेमराज येता-जाता त्या टाक्याला नाक मुरडायचा. एकदा तर घासून देऊ का, असंही त्याने विचारलं होतं.

तो जवळ जाऊन वाकला.

वास आला... तोच, सकाळचा.

त्याचे डोळे भरून आले. तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

भिंतीला धरत पैकूजी उठले. त्यांनी घडा आणून स्वतः बुडवला, तळाचा गाळ घेतला, दोन शेवाळलेले गोटे घेतले. मग दुसरा घडा भरून ओट्याशी ठेवला. टाक्यातलं पाणी निम्म्यावर आलं.

"एवढं नको, बाबाजी. इथलं विरजणच मरून गेलं तर... हे दुसरीकडे कुठंच नाही."

पैकूजींनी पहिला घडा त्याच्या डोक्यावर ठेवला. चिखलाचा ओघळ नाकावर आला. पुसायला हेमराजने हात उचलला, तो त्यांनी धरला.

"इथलं मरंल तं मी येईन ना तुह्या घरी, रिकामा घडा घेऊन. तवापर्यंत पानी धुऊ नको म्हंजे झालं."