मौनाची पाटी

“मग लोकांना काय सांगायचं, बाबा?”

“आहे ते सांग,” चेतनगीर बाबा म्हणाले.

बाबांना घशाचा कॅन्सर. शहरातल्या दवाखान्यात किरणांचे शेक चालू होते. आवाज पार बसलेला.

शिष्य विश्वंभरला ते पटेना. लोक इथं दुखणं घेऊन यायचे, आणि गुरूच दुखणाईत? त्याला बाबांचा भारी अभिमान. बाबांना स्वतःचा तो नव्हता, म्हणून दोघांच्या वाटणीचा यानंच सांभाळलेला.

त्यानं मठाच्या दाराला पाटी टांगली. खडूनं लिहिलं : ‘बाबांचे मौन आहे. प्रश्न विचारू नयेत.’

बाबांनी पाटी वाचली, हसले.

खरी पंचाईत जेवणाची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन असंच उतरत गेलं तर शेक थांबवावे लागतील. विश्वंभर रोज वाफाळता वरणभात करी, वर लिंबू पिळी. एका घासात बाबांच्या डोळ्यांत पाणी येई. ताट तसंच परत जाई, आणि विश्वंभर चुलीपाशी बसून उपरण्यानं डोळे पुशी. धूर फार होतो, म्हणे.

एका दुपारी नारळ घेऊन द्वारकाबाई आल्या.

“बाई, पाटी वाचा. मौन आहे.”

“मला कुठं काय इचारायचंय? घशाचा कॅन्सर व्हता, शेक संपले माझे. नारळ ठिवते न् जाते.”

बाबा आसनावरून पुढं सरकले.

“माय... तू गिळायचीस कशी गं?”

विश्वंभरच्या हातातलं ताट पडता पडता वाचलं.

द्वारकाबाईंनी बाबांच्या गळ्याकडे पाहिलं. कातडी काळवंडलेली. त्या खालीच बसल्या.

“गरम नगं, बाबा. तिखट नगं, लिंबू तर नगंच. पातळ खिचडी, कोमट, वरून तूप. थोडं थोडं, दिवसभर. आन् जेवायच्या आधी घ्यायचं घसा बधिर करायचं औषध दिलंय ना डॉक्टरनं?”

“नाही.”

“दुखतंय म्हणून सांगितलं का त्यांना?”

बाबांनी विश्वंभरकडे पाहिलं. विश्वंभरनं ताटातल्या लिंबाकडे.

“मीबी सांगत नव्हते,” बाई हळूच म्हणाल्या. “मंगळवारी दवाखान्यात आमी समदे बसतो. आजारी माणसं, त्यांच्या घरची. खाण्यापिण्याचं सांगणारी बाई येती. या तुमी.” मग विश्वंभरकडे वळून, “दादा, तुमीबी या. तोंड तर तुमचंच जास्त उतरलंय.”

जाण्याआधी त्यांनी खिचडी शिजवून दिली. बाबांनी सावकाश वाटीभर खाल्ली.

विश्वंभर रिकाम्या वाटीकडे बघत राहिला.

“बाबा... लोक तुम्हांला विचारायला येतात. आता आपणच विचारत फिरायचं?”

“पाटी आण.”

बाबांनी ओल्या हातानं पाटी स्वच्छ पुसली. खडू विश्वंभरच्या हातात दिला.

“मंगळवारी काय काय विचारायचं, ते लिही. आधी तुझं.”

“माझं काय? आजार तर तुम्हांला...”

खडू पाटीवर टेकला तो तिथंच राहिला. इतके दिवस जे मनातही येऊ दिलं नव्हतं, ते आता बोटांपर्यंत आलं होतं.

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तोंड भिंतीकडे करून बसले.

“लिही, बाळा... मी बघत नाही.”