सिरिदत्ताचे टाके

श्रोतेहो, भदंत सोणुत्तर ज्या गावी पाऊल ठेवत, त्या गावी दुष्काळ उभा राहत नसे, हे त्रिवार सत्य. खडकाळ्याला ते पोचले आणि आठवड्यात विहीर आटली.

घाटमाथ्यावरचे हे गाव. वरच्या डोंगरात भिक्खूंची लेणी आणि पायथ्याशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके. ते गृहपती सिरिदत्ताने संघाला दान दिलेले. वर लेख कोरला होता : मायबापाच्या पुण्यासाठी, चारी दिशांच्या संघास. चारी दिशांनी कोणी येऊ नये म्हणून त्याने चार दांडगे काठ्या देऊन बसवले होते.

कातडे कमावणारी नागी ही भदंतांची उपासिका. तिची चार वर्षांची नात तापाने फणफणली होती. नागी टाक्यावर गेली, तर काठीने मडके फुटले. तुझ्या सावलीने माझे पुण्य नासते, असे सिरिदत्ताने सुनावले. वर हसून म्हणाला, "तुझे भदंत आकाशातून चालतात म्हणे. सांग त्यांना, येताना एक ढग आणा."

नागी लेण्यात आली. "भंते, ढग नको. लोटाभर पाणी पाहिजे."

भदंतांचा चेहरा लाल झाला. रोज क्षमेवर प्रवचन देणाऱ्याला राग यावा, हे काही शिष्यांना रुचले नाही. त्यांनी हळूच ध्यानाची आठवण करून दिली.

भदंत म्हणाले, "दुःख आहे. दुःखाला कारण आहे. आज ते टाक्यावर काठी घेऊन बसले आहे. ध्यान नंतर."

त्याच दिवशी सिरिदत्ताकडे भोजनदान होते. साठ पाने मांडलेली, दूरदूरचे व्यापारी पाहायला जमलेले. भिक्खू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत. सावल्या आखडत चालल्या, भात निवला, तरी एकही भिक्खू येईना. सिरिदत्त त्यांना शोधत धावत टाक्याशी गेला.

साठ भिक्खू उन्हात बसले होते, पुढे पात्रे पालथी. संघाने पात्र पालथे घातले की त्या घरचे अन्न बंद, दान बंद, पुण्यही बंद. मध्ये नागी, मांडीवर नात. पाणी संघाचे, पण नागीआधी कोणी ओठ ओले करायला तयार नव्हते.

"भंते, व्यापारी बघताहेत," सिरिदत्त कुजबुजला.

"बघू देत. गृहपती, जन्माने कोणी नीच नसतो. तुम्हाला त्यासाठी मेहनत घ्यावी लागली."

सिरिदत्त गुडघ्यांवर आला. भदंतांनी पाय मागे घेतले आणि नागीकडे बोट केले. त्याने तिच्यापुढे डोके टेकले, काठीवाल्या दांडग्यांना तिथून उठवले आणि स्वतःच्या हाताने पाणी काढून तिच्या ओंजळीत ओतले. पहिला घोट नातीने घेतला.

खडकाळ्याचे लोक पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत, की भदंतांच्या तपोबलाने त्या दिवशी टाक्यात पाणी आले.

टाके आदल्या पावसाळ्यापासून काठोकाठ भरलेले होते.