खिंडीतली मैना आणि मिठाच्या गोण्या

अनोळखी वाटेवर भरवसा कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर, की पुढची वाट सांगणाऱ्यावर? उत्तराची घाई नको, आधी ऐका.

खूप जुनी गोष्ट. एका डोंगराळ राज्याच्या खिंडीत वारा असा की नाक्यावर पहारेकरी टिकेना. म्हणून प्रधानाने तिथे एका मैनेचा पिंजरा टांगला. वाटसरूंशी काय बोलायचं, ते त्याने स्वतः तिला पढवलं.

एकदा मिठाचा एक व्यापारी बैलांवर गोण्या लादून तिथे पोचला. आभाळ भरून आलेलं, नाक्याचं दार बंद. मैना म्हणाली, "मार्ग तूर्त उपलब्ध नाही. कृपया प्रतीक्षा करावी. आपल्या सहकार्याबद्दल राज्य ऋणी आहे."

व्यापाऱ्याशी इतक्या अदबीने आजवर कोणी बोललं नव्हतं. तो सुखावला आणि बसून राहिला. तूर्त म्हणजे घटकाभर, असा त्याचा अंदाज. पाऊस सुरू झाला तरी उठला नाही. आता उघडेल, मग उघडेल.

तेवढ्यात मेंढ्या हाकत एक धनगरीण आली. "शेठ, कुणाची वाट बघताय?"

"पाखरू थांबा म्हणतंय."

"ते अमावस्येपासून हेच म्हणतंय. वर दरड पडलीय. डावीकडे उंबराखालून वाट आहे, पुढे गुहा आहे. चला, नाहीतर घरी नुसत्या गोण्या न्याल."

गुहा गाठेपर्यंत बैलांच्या पाठीवरून पांढरे ओघळ वाहत होते. निम्मं मीठ गेलं.

गोण्या वाळेपर्यंत व्यापारी गुहेतच राहिला. रोज नाक्यावर येऊन भिजवलेले हरभरे चारत त्याने मैनेला नवं बोलणं शिकवलं. हे प्रधानाच्या कानावर गेलं. तो पालखीतून आला आणि राजाच्या नाक्यावर ही कसली गावंढळ भाषा, म्हणून त्याने व्यापाऱ्याला फैलावर घेतलं.

"तुमची भाषा सुरेखच, प्रधानजी," व्यापारी म्हणाला. "तिच्या मानाखातर मी बसून राहिलो. मीठ काही थांबलं नाही."

इतक्यात कापसाचा तांडा आला. मैना बोलली, "दरड पडली. ही वाट बंद. डावीकडे उंबराखालून जा. पाऊस आला तर पुढे गुहा आहे."

तांड्याच्या नायकाने कोणाला काही विचारलं नाही. बैल डावीकडे वळले.

प्रधान बघत राहिला. आभाळ गडगडलं, तसं त्याने भोयांना हळूच सांगितलं, "उंबराखालून चला."

पुढे दरड उपसली गेली. त्या दिवशी प्रधानाने स्वतः येऊन मैनेला शिकवलं, "वाट मोकळी आहे. जा."

अडलेल्या माणसाला पुढचं पाऊल दाखवतं, तेच बोलणं कामाचं.

तुम्हीही कुठे चार शब्द लिहून ठेवले असतील. दारावर, दुकानावर, लोकांच्या हातातल्या पडद्यावर. त्यांचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. कोण वाटेला लागलं ते जमेला धरा, आणि कोण ताटकळत बसलं, तेही आपल्याच नावे टाका.