टिमकी उंदरी आणि मधलं बीळ

एक होतं खळं. गोल गोल खळं. मधोमध एक मेढ, म्हणजे जाड खांब. मेढीखाली बीळ. बिळात टिमकी उंदरीचं पिल्लू.

टिमकी दाणा आणायला गेली. तेवढ्यात मळणी सुरू झाली. मेढीला दावं. दाव्याला पोवळ्या बैल. कणसांवर खूर. गरगर, गरगर. टिमकीची वाट बंद झाली. आत पिल्लू रडायला लागलं. टिमकीला काही सुचेना. ती बैलाकडे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बैला, बैला, फिरू नको. पिल्लू रडतं चीं चीं."

बैल म्हणाला, "दावं मला मधे ओढतं. म्हणून मी गोल फिरतो. दावं सोडेल, तर मी जाईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"दाव्या, दाव्या, सोड ना. बैल फिरतो गरगर. पिल्लू रडतं चीं चीं."

दावं म्हणालं, "गाठ सुटेल, तर मी सोडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाठी, गाठी, सूट ना. दावं सोडेना. बैल फिरतो गरगर. पिल्लू रडतं चीं चीं."

गाठ म्हणाली, "बैल हाकणारी सगुणामावशी सोडेल, तर मी सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, थांब ना. गाठ सुटेना. दावं सोडेना. बैल फिरतो गरगर. पिल्लू रडतं चीं चीं."

मावशी म्हणाली, "वारा येईल, तर मी थांबेन. मग सूप घेईन, दाणे उपणेन."

वारा कुठे होता? लिंबावर लोळत होता, आळशी कुठला.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना. मावशी थांबेना. गाठ सुटेना. दावं सोडेना. बैल फिरतो गरगर. पिल्लू रडतं चीं चीं."

वाऱ्यानं कान दिला. लांबून आलं, चीं चीं. वारा उठला. सूं सूं.

मावशी थांबली. गाठ सुटली. दाव्यानं सोडलं. टिमकीला वाटलं, बैल आता उभा राहील. छे! मधे ओढणारं कुणी उरलं नाही. पोवळ्या निघाला नाकासमोर, सरळ, थेट कडब्याकडे.

दाव्याच्या त्या ओढीला मोठी माणसं म्हणतात अभिकेंद्री. केंद्र म्हणजे मधली जागा. अभि म्हणजे तिच्याकडे. दोन्ही जोडलं, नाव झालं. म्हणा बघू, अ-भि-कें-द्री.

टिमकीला कुणी बांधलं नव्हतं. तरी ती धावली मधल्या बिळाकडेच. तुरुतुरु, तुरुतुरु. पिल्लू कुशीत शिरलं.

दाणा मात्र धावपळीत कुठेतरी पडला होता. मावशीनं मेढीपाशी मूठभर दाणे ठेवले. खळ्यावरून कुणी उपाशी जात नाही.

कुट कुट, कुट कुट. पिल्लू रडायचं विसरलं.