न सरणारी गव्हाण

एका राज्यात राजाच्या पागेत सोन्याची गव्हाण होती. ती कधी रिकामी होत नसे. घोड्यानं तोंड घालावं, चार घास खावेत, की तेवढीच चंदी पुन्हा वर यावी. भिजवलेले हरभरे, जव, वर गुळाचा खडा. दूरदूरचे राजे ती बघायला येत, आणि हेमकेतू राजा मिशीवरून हात फिरवत म्हणे, "आमच्या पागेत कुणी उपाशी राहत नाही."

ती आली कशी, तेही ऐका. धूम्रकेश नावाचा मांत्रिक एकदा आपलं लंगडं गाढव घेऊन पागेच्या दाराशी आला. म्हणाला, "राजा, पेंढीभर सुकं गवत दे." राजा हसला. म्हणाला, "मांत्रिका, इथे गवत ठेवत नाहीत. इथे चंदी खातात." मांत्रिक म्हणाला, "मग ती कधी न सरो." झोळीतून गव्हाण काढली, ठेवली, आणि निघून गेला. राजाला वाटलं, वर मिळाला.

गव्हाणीपुढे राजाचा लाडका घोडा बांधला होता. त्याचं नाव मेघतुरंग. दर दसऱ्याला त्याच्यावर बसून राजा शीव ओलांडायचा. त्या वर्षी भाद्रपद लागला आणि मेघतुरंग चालेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा राही. एक पाय उचली, टेकवी, मग दुसरा उचली. राजवैद्य आला. म्हणाला, "नालाचा खिळा लागलाय. नालबंदाचा हात चुकला. घोड्याला अशक्तपणाही आहे, भरपूर खाऊ द्या."

नालबंद होता दौलू. राजानं त्याला बेड्या घातल्या. "दसऱ्याला घोडा आपल्या चार पायांनी शीव ओलांडेल, तर सुटशील. नाही ओलांडली, तर तुझा उजवा हात जाईल."

दौलूची बायको म्हाळसा. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एक उपास तिचा चुकला नव्हता. पण तेवढंच नव्हे. नवरा नाल ठोकताना वीस वर्षं घोड्याचा पाय तिनं मांडीवर धरला होता. त्याचा खिळा कुठे जातो आणि कुठे जात नाही, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. बातमी आली तेव्हा ती रडली नाही. देवापुढे दिवा लावला, पदर खोचला आणि पागेत गेली.

तिनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, खाली बसली, उजव्या खुराला तळवा लावला. खूर तव्यासारखा तापलेला. डाव्याला लावला. तोही तसाच. ती मनाशी म्हणाली, "खिळा लागला असता तर एकच पाय दुखला असता. इथे दोन्ही पेटलेत." मग घोट्याच्या खाली, मागच्या अंगाला, तिनं दोन बोटं टेकवली. तिथली नाडी नगाऱ्यासारखी ठोके देत होती.

"आलीस एकदाची बोट ठेवायला," आढ्यावरून आवाज आला. बघते तर साळुंकी. "वैद्यबुवा धोतर सावरत लांबूनच बघून गेले."

"साळुंके, तुला काही ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मांत्रिकाचा शाप माझ्यादेखत पडला. तोंडानं गेलेली चंदी पायात आग होऊन उतरते. रक्त खुराच्या दाराशी येतं, धडका देतं, आत त्याला वाट मिळत नाही. आजार अजून कोवळा आहे. जून झाला की खुरातलं हाड जागचं हलेल. मग ब्रह्मदेव आला तरी घोडा उभा राहायचा नाही."

"उतारा सांग."

"कामं तीन. ज्या विहिरीत ऊन कधी उतरलं नाही, तिचं पाणी तीन दिवस तीन रात्री खुरांवर धरायचं. मग पायातलं लोखंड उतरवून खाली वीतभर वाळू घालायची. आणि ही गव्हाण उपडी करायची."

"आत्ता करते."

"तुझ्यानं हलायची नाही. ज्यानं मिरवली, त्याच्याच हातानं हलेल. उलटली की सोन्याची माती होईल."

"अवघड आहे."

"सोपं असतं तर वैद्यबुवांनीच केलं नसतं का?"

म्हाळसेनं घोड्याचं तोंड दुसरीकडे वळवून पाहिलं. गव्हाण सरकत सरकत तोंडापुढे आली. तेव्हा तिनं हात जोडले आणि वसा घेतला. या मुक्या जिवाच्या पोटातलं धान्य थांबेपर्यंत आपल्याही पोटात धान्य जाणार नाही. मग ती दारोदार गेली. म्हणाली, "बायांनो, मला वाण नको, ओटी नको. एकेक घागर पाणी द्या."

डोंगराच्या कपारीत ती विहीर होती. पाणी असं गार, की घागर धरणारीचे हात बधिर व्हावेत. बायकांची रांग लागली. कुंभाराची सून म्हणाली, "राजाच्या घोड्याचे पाय धुवायचे, आणि आमच्या धन्याचे कुणी धुवायचे?" म्हातारी तांबोळीण म्हणाली, "त्याला खूर फुटू देत, त्याचेही धुऊ." हसत हसत घागरी आल्या. तीन दिवस तीन रात्री धार तुटली नाही.

मग दौलूला बेड्यांसकट आणलं. म्हाळसा म्हणाली, "अहो, नाल काढा."

दौलूनं पक्कड बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हाळसे, हे नाल मी ठोकलेत. माझ्याच हातानं उतरवले, तर लोक म्हणतील, खिळा चुकलाच होता."

"म्हणू देत."

"हात जाईल तो जाईल. नाव तरी राहू दे."

"नाव राहील आणि घोडा जाईल, ते चालेल तुम्हाला?"

दौलूनं तिच्याकडे पाहिलं. मग पक्कड उचलली. एकेक खिळा असा अलगद ओढला, की घोड्याची कातडीसुद्धा थरथरली नाही. नाल पडले, खाली नदीची मऊ वाळू आली. मेघतुरंगानं मोठा सुस्कारा टाकला.

पण चौथ्या दिवशी म्हाळसा बघते, तर खूर पुन्हा कोमट. गव्हाण भरलेली होती आणि घोडं खात होतं. ती तशीच दरबारात गेली. पोटात तीन दिवस ताकाखेरीज काही नव्हतं, तरी पाय डगमगला नाही.

"महाराज, पागेत चला. गव्हाण उपडी करा."

दरबार हसला. राजा म्हणाला, "बाई, ती या राज्याची शान आहे."

"महाराज, मी वाढणारी बाई आहे. समोरचा जेवत असला की वाढता हात थांबत नाही, हे मला कळतं. पण घरात तापानं फणफणलेलं पोर असलं, तर आम्ही त्याला पुरणपोळी वाढत नाही. लंघन घालतो. आपण एकदा नाडी बघा. मग म्हणाल तसं."

राजा पागेत आला. म्हाळसा म्हणाली, "खाली बसावं लागेल." त्या राजानं आजवर कुणाच्या पायाला हात लावला नव्हता. तो क्षणभर थांबला, मग वाळूत गुडघे टेकले. म्हाळसेनं सांगितलं तिथे दोन बोटं ठेवली. मग दुसऱ्या पायालाही लावून पाहिली.

"हे असं किती दिवस?" त्यानं विचारलं.

"भाद्रपद लागल्यापासून."

"आणि हा माझ्या हातचं खात राहिला."

"मुका जीव आहे, महाराज. दिलं ते खाल्लं."

राजा उठला. दोन्ही हात गव्हाणीला घातले आणि म्हणाला, "पुरे." गव्हाण उलटली. सोन्याची माती झाली, मातीत हरभरे विरून गेले.

"आता हा खाणार काय?" राजानं विचारलं.

"सुकं गवत. बेतानं."

पागेत गवताची काडी नव्हती. तेव्हा राजा स्वतः कुंभारवाड्यात गेला आणि गाढवापुढची पेंढी मागून घेऊन आला. घोडा ती खाऊ लागला, तेव्हा म्हाळसेनं वसा सोडला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

दिवस गेले. खूर निवले, नाडी मऊ झाली. दसरा उजाडला. राजानं जीन मागवलं. म्हाळसा आडवी आली. "चालेल, महाराज. पण वाहणार नाही. अजून नाही." राजानं जीन परत पाठवलं, लगाम हातात घेतला आणि पायी निघाला. साऱ्या नगरानं पाहिलं. पुढे अनवाणी राजा, मागे अनवाणी घोडा, मऊ गवतावरून एकेक पाऊल पूर्ण टेकवत. दोघांनी मिळून शीव ओलांडली. तिथे राजानं दौलूच्या बेड्या आपल्या हातानं काढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक या हाताची नव्हती. चूक माझी होती."

पुढे खूर वाढला, भरला. फाल्गुनात नाल ठोकायचा दिवस ठरला. गर्दी झाली. म्हाळसा खाली बसली, तर मेघतुरंगानं आपण होऊन पाय उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. राजवैद्य पुढे येऊन म्हणाला, "दौलू, ही विद्या तुझ्या घराण्यात कुठून आली?"

दौलूनं हातोडा थांबवला. ताठ मानेनं म्हणाला, "वैद्यबुवा, मी नुसते खिळे मारतो. पाय कळतो तो हिला." आणि पुढचा खिळा ठोकला.

म्हाळसेला जसं यश आलं, तसं जो खाली बसून दुसऱ्याचं दुखणं हातानं चाचपून पाहील, त्याला येवो. ऐकणाऱ्याचं घर भरो, सांगणारीचा दिवा तेवत राहो.